गांगुर्डेभाऊंचे पाटे

आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक बाईचं वजन गांगुर्डेभाऊंना तोंडपाठ आहे, आणि तरीही त्यांना आजवर एकाही नवऱ्याने मारलेलं नाही. कारण सोपं आहे. नवऱ्यांचीही वजनं त्यांना तोंडपाठ आहेत.

यासाठी ते काटा वापरत नाहीत. भाऊंकडे सायीच्या रंगाची एक म्हातारी अँबॅसिडर आहे. तिच्या मागच्या सीटवर तुम्ही टेकलात, की भाऊ शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढतात, चाकाशी उकिडवे बसतात, चाक आणि वरचं मडगार्ड यांच्यातलं अंतर मोजतात आणि गुडघ्यावर हात ठेवून उठता उठता जाहीर करतात, "एकाहत्तर. दिवाळीत अडुसष्ट होते." मग तुम्ही लग्नाला निघालेले असा की दवाखान्यात, तो आकडा दिवसभर कानात वाजत राहतो.

भाऊ ओझरच्या विमानांच्या कारखान्यात पार्ट तपासायला होते. हातात आलेला तुकडा पास की बाद, एवढं ठरवायचं काम. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण तपासणं सुटलं नाही. विमानं मागे राहिली आणि आम्ही सापडलो.

गाडीचं इंजिन, रंग, हॉर्न यांचं त्यांना काडीचं कौतुक नाही. त्यांचा जीव गाडीच्या पोटाखाली. पाटे, शॉकअप आणि बुश. चाळीस वर्षांच्या शेजारामुळे मला हे शिकावं लागलं, तर तुम्ही तरी का सुटावं? पाटे म्हणजे मागच्या चाकांवर बांधलेली, धनुष्यासारख्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची चळत. खड्डा आला की त्या वाकतात, म्हणून आपली कंबर वाचते. शॉकअप म्हणजे गाडीने एकदा उडी मारली की "बास झालं आता" म्हणून तिला खाली बसवणारा. आणि बुश म्हणजे लोखंड लोखंडाला भेटतं तिथे मध्ये घातलेलं रबर.

या बुशवर भाऊंचं सगळं तत्त्वज्ञान उभं आहे. पलीकडच्या घरातली सासू-सून भांडायला लागली, की भाऊ गाडीखालूनच म्हणतात, "बुश गेलाय." दार कुरकुरलं, बुश गेलाय. कॉलनीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष आणि सेक्रेटरी एकमेकांवर धावून गेले तेव्हा सगळे मध्ये पडले, भाऊ मात्र खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, "मध्ये रबर नाही, तर काय होणार?" मी जिना चढताना माझे गुडघे वाजले, की ते कान टवकारून थांबतात. "डावा जास्त वाजतोय, वहिनी."

आता माझ्याविषयी. आम्ही या जेल रोडच्या कॉलनीत राहायला आलो तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि स्वतःला चोवीसची समजत होते. शाळेत मराठी शिकवायची, डोळ्यांवर मोठा काळा गॉगल लावायची आणि रिक्षावाल्याने "ताई" म्हटलं तर दिवसभर खूश असायची. एवढी मूर्ख बाई मी नंतर आयुष्यात पाहिली नाही, आणि पाहिल्यात बऱ्याच.

तेव्हा भाऊंनी ही गाडी नुकतीच घेतली होती. सिन्नरला एक लग्न होतं. पुढे भाऊ आणि त्यांची बायको कमल, मागे मी आणि कॉलनीतल्या आणखी दोघी. गाडी निघायच्या आदल्या दिवशी भाऊ कागद-पेन्सिल घेऊन दारात हजर.

"वहिनी, वजन?"

दारात, चारचौघांसमोर! मी मान वेळावून म्हटलं, "अठ्ठेचाळीस."

अठ्ठेचाळीस मी मॅट्रिकला होते. त्या दिवशी मी त्रेसष्ट होते. पण माझा आकडा ऐकला आणि शेजारची लगेच म्हणाली, "माझं सत्तेचाळीस." तिसरीने आम्हा दोघींकडे तुच्छतेने पाहिलं आणि म्हणाली, "पंचेचाळीस. तेही जेवण झाल्यावर." एकटी कमल खिडकीतून खणखणीत ओरडली, "माझं लिहा हो बासष्ट!" आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत सुटली. कमल तेव्हा गुबगुबीत होती. ती हसली की आधी खांदे हसायचे, मग पोट, आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा.

भाऊ कारखान्यातला माणूस. लिहून घेतलेल्या आकड्यावर विश्वास ठेवणारा. त्यांनी हिशेब केला, मागे तीन पोरसवदा बाया बसणार आहेत असं ठरवलं आणि आम्हाला मऊ बसावं म्हणून दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढून टाकला.

सिन्नरच्या अलीकडे रस्त्यात एक उंचवटा होता. गाडी त्याच्यावरून गेली आणि बसली. मागे असा आवाज झाला की माझा गॉगल नाकावरून उडून भाऊंच्या मांडीत पडला. सायलेन्सर रस्त्यावर लोळत होता. भाऊ उतरले. गाडीखाली डोकावले. पट्टी लावली. मग आमच्या खिडकीशी येऊन, जराही आवाज न चढवता म्हणाले, "तिघींचा मिळून छप्पन्न किलोंचा फरक आहे. कोणाचा किती, ते आपापसात ठरवा."

आम्ही लग्नाला पोहोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. त्यानंतर भाऊंनी कुठल्याही बाईला वजन विचारलेलं नाही. मोजूनच घेतात.

दर शनिवारी सकाळी भाऊ शहरातल्या द्वारका चौकात जातात. तिथे जुन्या गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत. लोखंडाच्या ढिगात ते डोळे मिटून हात घालतात, एक तुकडा उचलतात आणि बोटं फिरवून सांगतात, हा कुठल्या गाडीचा, कुठल्या बाजूचा आणि किती वर्षं चाललेला. मी एकदा रिक्षा मिळेना म्हणून त्यांच्याबरोबर गेले होते. दुकानाचे मालक चाचा मला म्हणाले, "बाई, आज मी पकडतो यांना." आणि त्यांनी कुठूनसा गंजलेला एक पाटा आणून भाऊंच्या हातात दिला.

भाऊंनी तो चाचपला. नखाने टकटक केलं, कानाशी नेला. वास घेतला.

"गांगुर्डे साहब, चाट के भी देख लो," चाचा म्हणाले.

"हा मोटारचा नाहीच," भाऊ म्हणाले. "टांग्याचा आहे. डाव्या बाजूचा. आणि घोडा डावीकडे ओढायचा."

चाचा मटकन स्टुलावर बसले. पाटा त्यांच्या वडिलांच्या टांग्याचा होता. "वो घोडा सचमुच टेढा चलता था," ते मला म्हणाले. "अब्बा रोज उसको गाली देते थे."

तर असे हे भाऊ. मुलं नाहीत, दोघंच नवरा-बायको, आणि मध्ये ही गाडी. मी कमलला नेहमी म्हणायची, "तुझी सवत आहे ती." कमल म्हणायची, "असू दे. तिच्याखाली असतात तोवर माझ्या डोक्यावर नसतात."

मग दोन वर्षांपूर्वी कमल न्हाणीघरात घसरली. मणक्याचं ऑपरेशन झालं. हाडं आधीच ठिसूळ. डॉक्टरांनी सांगितलं, हिंडा-फिरा, पण धक्का लागता कामा नये. घरातल्या घरात ती भिंतीला धरून चालायला लागली. पण पाठ दुखायची, आणि सगळ्यात जास्त आडवं झाल्यावर. दर तासाला कूस बदलायला भाऊंना उठवावं लागे.

कमलची मोठी बहीण शांताक्का घोटीला असते. तिचं एक अंग वारं गेल्यापासून लुळं, ती खाटेवरून हलत नाही. दोघी बहिणी रोज सकाळी अकराला फोनवर बोलतात, म्हणजे भांडतात.

"तू ये की गं कमे."

"कशी येऊ? तूच ये."

"मी नाय येऊ शकत, माहितीये ना तुला!"

"मग मला कशाला म्हणतेस?"

एकदा भाऊंनी भाड्याची नवी, चकचकीत गाडी आणली. त्या गाड्यांत आधी वाकून खाली घुसावं लागतं, तिथेच कमलच्या डोळ्यांत पाणी आलं. विल्होळीच्या पुढे एका खड्ड्यात गाडी आदळली आणि ती जी किंचाळली, तिथूनच परत फिरले. घरी आल्यावर कमल म्हणाली, "आता घोटीचं नाव काढू नका. फोनवर बरी आहे माझी बहीण."

दुसऱ्या दिवशी सकाळी अँबॅसिडर जॅकवर चढली होती आणि भाऊंचे दोन पाय तिच्याखालून बाहेर आले होते. अँबॅसिडरची सीट खुर्चीच्या उंचीची. कमल तिच्यात न वाकता बसू शकत होती. प्रश्न फक्त धक्क्यांचा होता.

आता सुरू झाला खरा तमाशा. द्वारकेहून कुठल्याशा छोट्या व्हॅनचे पातळ पाटे आले. लोहाराकडून त्यांचा बाक ठोकून घेतला. पाटे एकमेकांवर घासू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांच्यामध्ये घातल्या. शॉकअप दुसऱ्याच गाडीचे, ते बसेनात, म्हणून अंबडच्या एका लेथवाल्याकडून त्यांना नव्या कड्या करून आणल्या. आणि मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, घोटीच्या इंद्रायणी तांदळाचं एक पोतं बसवलं. सत्तेचाळीस किलो, कमलच्या वजनाचं. पाठीशी उशी, पोटावर दोरी.

कमल खिडकीतून ओरडली, "बघ गं, माझ्या जागी पोतं बसवलं! आणि उशी बघ, माझी घेतलीय!"

धक्का किती बसतो हे मोजायचं कसं? भाऊ माझ्याकडे आले. "वहिनी, नागलीचे पापड तळून द्याल? बारा."

तळलेले बारा पापड ताटलीत रचून ताटली पोत्याच्या डोक्यावर. मग कॉलनीतल्या तिन्ही स्पीडब्रेकरवरून गाडी न्यायची, परत आणायची आणि तुटलेले पापड मोजायचे. पहिल्या दिवशी अकरा तुटले. भाऊंनी वहीत लिहिलं. तुटलेले पापड मी खाल्ले, कारण विज्ञानाला मदत करणं माझं कर्तव्य होतं. दुसऱ्या आठवड्यात नऊ तुटले. मग पाटे बदलले आणि परत अकरा. मी रोज पापड तळत होते आणि रोज खात होते. पंधरा दिवसांनी मी सहज म्हणून सीटवर बसले, तर भाऊ पट्टी लावून म्हणाले, "वहिनी, पापड दिसायला लागले."

अशात एक दिवस भाऊ स्टीलचा डबा घेऊन आले. "दोन किलो तांदूळ आहे. ठेवून घ्या." महिन्याने परत दोन किलो. मग पुन्हा. तांदूळ सुरेख होता, मी त्याची खिचडी केली, मसालेभात केला. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "काय भाऊ, पोत्याला डाएट लावलंय का?"

"हो," भाऊ म्हणाले.

आमच्या ह्यांनी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलंय. ते पेपरातून डोकं काढून म्हणाले, "गांगुर्डे, गाडी अकराशे किलोंची. त्यातले दोन किलो काढून तुमच्या पाट्यांना काय कळणार?"

"पाट्यांना नाही कळत, सर," भाऊ म्हणाले, आणि रिकामा डबा घेऊन गेले.

मला तरी कळलं का? नाही. ही चौतीस वर्षांची गॉगलवाली नव्हे, मागच्या वर्षीची, बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांची, नातवंडांना शहाणपण शिकवणारी मी. मी म्हटलं, विक्षिप्त माणूस, आणि भात कुकरला लावला.

पुढच्या पहिल्या तारखेला मी वाटी परत द्यायला गेले, तर कमल वजनकाट्यावर उभी होती, भाऊंच्या खांद्याला धरून. भाऊ वाकून आकडा बघत होते. मग त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो लिहिला, कारखान्यात लिहायचे तशा सुबक अक्षरात. मी पानं उलटून पाहिली. सत्तेचाळीस. पंचेचाळीस. त्रेचाळीस. एक्केचाळीस. आणि आज एकोणचाळीस.

भाऊ स्वयंपाकघरात गेले. डबा काढल्याचा आवाज आला.

"कशी दिसतेय मी?" कमल म्हणाली. "सिन्नरच्या लग्नाला तुम्ही तिघी खोटं बोललात, ते मी खरं करून दाखवतेय बघ." आणि ती हसली. खांदे हलले, पोट हलायला आता पोटच नव्हतं.

मी घरी आले. त्यांचा सहा किलो तांदूळ मी मिटक्या मारत खाल्ला होता. थोडा वेळ मी ओट्याला धरून उभी राहिले. मग मला राग आला, आणि राग आला की मी स्वयंपाक करते.

त्या दिवसापासून रोज दुपारी मी कमलकडे. गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि तुपाची धार. तांदळाची खीर. लोणी घातलेली पेज. कमल म्हणायची, "अगं, मी काय गणपतीतली गौर आहे का? किती नैवेद्य?" मी म्हणायची, "खा मुकाट्याने. मास्तरीण आहे मी, उलट्या हातावर पट्टी मारीन." ती चार घास खायची, पाचवा माझ्या तोंडात घालायची. सहावा मी परत तिच्या. अशा मारामारीत वाटी संपायची.

महिन्याने दुपारी बेल वाजली. दारात भाऊ, हातात तोच डबा. रिकामा.

"वहिनी, आठशे ग्रॅम तांदूळ परत पाहिजे होता."

चेहरा असा की जणू विमान उडवून आलेत. मी तांदळाच्या डब्यात ओंजळ घालून त्यांचा डबा शिगोशीग भरला. भाऊंनी हातावर तोलून पाहिला आणि दोन मुठी काढून मला परत केल्या. "आठशेच," म्हणाले.

त्याच आठवड्यात बाराच्या बारा पापड शाबूत परत आले. मी इतकी ओरडले की सासू-सून भांडण थांबवून गॅलरीत आल्या. भाऊंनी ताटली दोनदा तपासली, मग एकेक पापड कॉलनीत वाटला. स्वतः नाही खाल्ला.

आणि परवाच्या रविवारी आम्ही घोटीला निघालो. पोतं उतरवलं. डावीकडे कमल, तिच्या शेजारी मी, पुढे भाऊ एकटे. आमचे हे कपडे करून तयार होते, पण "अठ्ठ्याहत्तर किलो हिशेबात बसत नाहीत, सर" म्हणून त्यांना घरी ठेवलं.

गाडी बैलगाडीच्या थाटात निघाली. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना ओरडून विचारलं, "काका, धक्का देऊ का?" भाऊ म्हणाले, "नको रे बाबा, तेवढाच नको!" कमल हसली, पण माझा हात तिने असा धरला होता की बांगड्या रुतत होत्या. विल्होळी जवळ आली तशी तिने डोळे घट्ट मिटून घेतले. खड्डा तिथेच होता. गाडी त्यात उतरली आणि पाण्यावर नाव डुलावी तशी वर आली.

"विल्होळी आली का गं?"

"मागे गेली."

तिने डोळे उघडले. वाडीवऱ्ह्यापर्यंत ती बोलत होती. कुठल्या शेतात शांताक्काने तिला बांधावरून चिखलात ढकललं होतं, कुठल्या आंब्याच्या कैऱ्या दोघींनी चोरल्या होत्या. मग तिचा आवाज बारीक होत गेला आणि बंद झाला. मान माझ्या खांद्यावर आली, माझ्या हातातला तिचा हात सैल पडला. मी दचकले. नाकाशी बोट धरलं. श्वास गरम आणि सावकाश येत होता. तोंड जरासं उघडं. कमल गाढ झोपली होती.

मुंढेगाव गेलं, घोटी आली. शांताक्काच्या घराकडे वळायचा रस्ता समोर दिसला. गाडी वळली नाही.

मी पुढे वाकून कुजबुजले, "भाऊ, घोटी!"

"थांबलो की जागी होईल, वहिनी."

"अहो, पण शांताक्का वाट बघतेय. सकाळपासून खाटेवर तयार होऊन बसलीय."

भाऊंनी डोळे वर आरशाकडे नेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गाडीतला आरसा त्यांनी मागच्या रस्त्यावर धरलेलाच नव्हता. तो कमलच्या चेहऱ्यावर लावलेला होता.

"दोन वर्षांत सलग एक तास झोपलेली नाही ती," ते म्हणाले. "अर्धा तास, वहिनी. इगतपुरीपर्यंत जाऊन येऊ."

मी फोन काढला. शांताक्काने पहिल्याच घंटीला उचलला आणि खच्चून ओरडली, "कुठं पोचल्या गं? भात निवला इकडं!"

"शांताक्का, हळू बोला," मी म्हटलं. "आम्ही पुढे चाललोय. तुमची कमल झोपलीय."

मग शांताक्का, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, अगदी हळू बोलली.

"मंग फोन कशाला केला, येडे? ठेव की."